लाल तार, निळी तार

हिंगणघाटात ज्यानं मले कधी शिवी दिली नाई असा माणूस शोधून दाखवा, मी त्याले घरी बोलावून तर्रीपोहे खाऊ घालतो. नगरसेवकाचं भाषण सुरू असताना माइकातून कोंबडा आरवला होता, थो मी. आमच्या ड्रॉइंगच्या सरांच्या स्कूटरचा हॉर्न दाबला का लाइट लागे अन् लाइटचं बटन दाबलं का हॉर्न वाजे, थे भी मीच केलतं. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान हाय माहं. तारा सरळ जोडल्या तं पोट भरते, उलट्या जोडल्या तं मजा येते. सत्तेचाळीस वर्षांचा झालो, पण यापेक्षा जास्त अक्कल काई आली नाई.

मार्चमध्ये भूपेंद्रचा फोन आला. भूपेंद्र म्हणजे ताराचंद शेठचा पोरगा. शेठचं सरकी-ढेपेचं, म्हणजे ढोराईच्या खुराकाचं दुकान होतं, अन् दुकानाच्या बाजूच्या खोलीत शहाण्णव साली त्याईनं व्हिडिओ गेमची एक मशीन आणून ठेवलती. नागपूरवरून ट्रकमध्ये ढेपेच्या पोत्यांच्या मधात बसून आली होती थे. शेठ वारले, खोली बंद पडली, मशीन गोदामात गेली.

"गजूभाऊ, गोदाम खाली करून राह्यलो," भूपेंद्र म्हणे. "तो गेमवाला डब्बा पडला हाय. भंगारात देऊ का तुम्ही नेता?"

"हात लावू नको त्याले. ठेला घेऊन येतो."

ठेल्यावर मशीन आडवी टाकून आणून राह्यलो होतो तं वाटेत हरिदासची चक्की लागते. चौथ्या वर्गापासूनचा दोस्त माहा. अंगात पांढरा पायजामा, पांढरी बंडी, भुवयांवर पीठ. गहू-ज्वारीशिवाय काई दळत नाई. हळद घेऊन बाई आली तं हात जोडते, मिरची आणली तं दुसऱ्या चक्कीचा पत्ता सांगते. अख्ख्या गावात अशी एकच चक्की हाय, अन् त्याच्यावरून मी त्याले वीस वर्षांपासून चिडवत होतो. "काऊन बे, मिरचीनं तुह्या बापाचं काय खाल्लं?" थो हसे फक्त.

थ्या दिवशी मशीन पाहून थो चक्की चालू ठेवूनच रस्त्यावर धावत आला.

"गज्या! हे थेच हाय?"

"नाई बे, तुह्या लग्नातलं कपाट हाय."

त्यानं ठेल्यावर हात फिरवला. लाकडावर पिठाचे पाच बोटं उमटले. "चालू होईन?"

"तुह्यासारखे मेलेले चालू केले मी. संध्याकाळी येजो."

थो रोज येऊ लागला. चक्की बंद केली का सहा वाजता माह्या दुकानात. स्टुलावर बसे अन् मी ब्रश घेऊन सरकीची धूळ झटकत राहो. आतून इतका कापूस निघाला का एक उशी झाली असती.

आता त्या गेमचं नाव काय होतं, थे हिंगणघाटात कोणालेच माहीत नाई. काचेवर नाव यायचं थे जपानी का चिनी अक्षरात. आम्ही त्याले 'नदीवाला' म्हणो. लाल गमछा बांधलेला एक पैलवान, थो मारत मारत समोर जाते, अन् तिसऱ्या फेरीत नदीकाठी पोहोचते. थे तिसरी फेरी पाहासाठी पोट्टे शाळा बुडवत होते. नदीवर संध्याकाळ असे. आभाळाचे सात पट्टे, खाली गडद केशरी, वर पिवळसर, मधात कुठंच सरमिसळ नाई, सरळ पट्टे. पण थ्या गोल पोटाच्या काचेवर थे एकमेकात असे विरघळत का वाटे, कोणंतरी बोटानं पुसून देल्लं. दूरचे घरं हळू सरकत, जवळचे झाडं भरभर सरकत. पैलवानाची सावली एक झटका दिसे, दुसरा झटका नाई, अन् डोळ्याले वाटे का सावलीच्या खालची वाळू भी दिसून राह्यली. अन् थे पाणी! पाणी हालतच नव्हतं. मी नंतर शिकलो थे. पाण्याचे ठिपके आपल्या जाग्यावरच, फक्त रंग एका ठिपक्यातून दुसऱ्यात जाते. आम्ही मात्र त्या पाण्याकडं पाहून तहान लागली म्हणून उठत होतो.

"आपल्या प्रफुलच्या पोरानं मोबाइलवर दाखवला होता मले हा गेम," हरिदास एक दिवस म्हणे. "थेच पैलवान, थीच नदी. पण बावा, काई मजा नाई. चौकटी चौकटी दिसते. बाथरूमच्या टाइल्सवर कोणं चित्र काढलं असं. सावली तं फडफड करते नुसती."

"थो गेम पिक्चर ट्यूबसाठी बनला बे. ट्यूब घाम सोडते, त्याच्यात थे चौकटी भिजते. मोबाइलची काच कोरडी हाय."

"हो ना," थो म्हणे, "मले एकदा थे संध्याकाळ पाहाची हाय. ट्यूबवर."

मी मनात हसलो. कारण मले एक गोष्ट माहीत होती अन् त्याले नाई.

सत्त्याण्णव साली आम्ही एकोणीस वर्षांचे. शेठची मशीन बिघडली का मीच दुरुस्त करो, म्हणून मांगची फळी उघडाचा मले मान. बोर्डातून ट्यूबकडं तीन तारा जाते, लाल, हिरवी अन् निळी. म्या एका फुटक्या रेडिओचं बँड बदलाचं बटन काढलं अन् फळीच्या खाली, कोणाले दिसणार नाई असं बसवलं. बटन इकडं केलं का सगळं नीट. तिकडं केलं का लाल तार निळीच्या जागी अन् निळी लालच्या. पांढरं पांढरंच राहे, झाडं हिरवेच राहे, पण पैलवानाचा गमछा निळा, माणसं निळे, अन् नदीवरच्या संध्याकाळची भर दुपार.

मंग आम्ही, म्हणजे मी, प्रफुल, अश्वजित अन् बाकीचे पोट्टे, हरिदासले धरलं. काऊन का थो सगळ्यात चांगला खेळे, अन् सगळ्यात सरळ होता.

थो खेळाले उभा झाला. म्या मांगं हात घातला.

"अबे, हे माणसं निळे काऊन दिसून राह्यले?"

"कोणते माणसं?" प्रफुल म्हणे.

"हे काय! गमछा पाय ना, निळा झाला."

"लाल हाय बे गमछा," अश्वजित म्हणे, एकदम सहज, दात टोकरत.

"लाल?"

"लालच तं होता पहिल्यापासून."

गल्ल्यावरून ताराचंद शेठ ओरडले, "बेटा हरिदास, डोळे दिखाव किसी को!" अन् दुसरीकडं तोंड करून हसू लागले.

दुसऱ्या दिवशी रंग नीट. तिसऱ्या दिवशी पुन्हा उलटे. चौथ्या दिवशी खेळता खेळता मधातच उलटे. असे नऊ दिवस. दहा-बारा पोट्टे, एकाच्याही तोंडातून फुटलं नाई. इतकी एकी आम्ही आयुष्यात पुन्हा कधी केली नाई. दहाव्या दिवशी थो आला नाई, मंग महिनाभर आला नाई. मजा संपली तसं म्या बटन सरळ करून ठेवलं. त्याले सांगाचं होतं, खरंच सांगाचं होतं, पण थो येतच नव्हता अन् मंग सांगाचं राहून गेलं.

आता मशीन दुरुस्त करताना म्या पाह्यलं तं बटन तसंच फळीखाली. गंजलं होतं जरासं. चार थेंब तेल टाकलं, कट कट चालू झालं. मले तं गुदगुल्या होऊ लागल्या. म्हटलं, अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा एकदा. हरिदासले संध्याकाळ पाहाची हाय ना? दाखवतो त्याले दुपार. मंग बटन काढून त्याच्या हातात देऊ अन् दोघं पोट धरून हसू.

गुरुवारी चार कंडेन्सर बदलले अन् ट्यूब लागली. चित्र आधी पट्ट्या पट्ट्यानं पळालं, मंग थांबलं. मी तिसऱ्या फेरीपर्यंत खेळून ठेवलं, बटन तिकडं केलं अन् त्याले हाक मारली. "ये बे, नदी आली."

थो स्टुलावरून उठला. काचेसमोर आला.

मी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो. म्हटलं, आता म्हणन, अबे हे काय. पण त्याच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. एक हात मशीनवर ठेवला, दुसऱ्या हातानं डोळे चोळले, पुन्हा पाह्यलं. मंग एकदम बारीक आवाजात म्हणे, "गज्या, गमछा कोणत्या रंगाचा हाय?"

सवय वाईट असते. तोंडातून निघूनच गेलं. "लाल."

"परत झालं बे," थो म्हणे, अन् खाली बसला. जमिनीवरच.

माहा हात आपोआप मांगं गेला अन् म्या बटन सरळ केलं. त्यानं मान वर केली. काचेवर केशरी पट्टे आले होते. "हे पाय," थो म्हणे, "गेलं. असंच व्हायचं तवाही. यायचं अन् जायचं."

"काय यायचं?"

तवा त्यानं सांगितलं. चौथ्या वर्गापासूनचा दोस्त, अन् मले थे पहिल्यांदा कळून राह्यलं होतं.

त्या वर्षी त्यानं रेल्वेची परीक्षा देल्ली होती. असिस्टंट ड्रायव्हरची. लेखी पास झाला. नागपूरले मेडिकलसाठी बोलावलं. आम्हाले त्यानं सांगितलं होतं का पत्र उशिरा भेटलं, तारीख निघून गेली. पत्र वेळेवरच आलं होतं.

"ड्रायव्हरच्या मेडिकलमध्ये रंगाची परीक्षा असते गज्या. ठिपक्या ठिपक्यांचं पुस्तक ठेवते समोर, त्यातला आकडा वाचा लागते. अन् मले तं गमछा कधी लाल दिसे, कधी निळा. तुम्हा सगळ्याईले लाल, मले एकट्याले निळा. म्हटलं, उद्या सिग्नल लालचा निळा दिसला तं? पाचशे माणसं मांगं बसले असते. गाडीत बसलो मी नागपूरच्या. मधातल्या सिंदी स्टेशनापर्यंत गेलो. सिंदीले उतरलो अन् पलटून आलो."

"हट बे," म्या म्हटलं.

"बाबा कामाले होते थे मिल तवाच बंद पडली होती. थे मले चार दिवस बोलले नाई. मंग चक्की टाकली. पिठाले रंग नसते. हळद-मिरची घेतलीच नाई, म्हटलं एखाद दिवशी कोणाच्या कणकेत तिखट गेलं अन् मले दिसलंच नाई तं." थो हसला. "तू चिडवत होता ना."

मी ब्रश उचलून आधीच झटकलेली मशीन पुन्हा झटकू लागलो.

"पण खरी गोष्ट पुढं हाय," थो म्हणे. "चाळीसचा झालो तवा चष्म्याचं शिबिर होतं. थेच पुस्तक होतं डॉक्टरजवळ. मी घाबरत घाबरत बसलो. एकूण एक आकडा वाचला गज्या. डॉक्टर म्हणे, काका, तुमचे रंग एकदम बरोबर. तवा मले समजलं."

"काय समजलं?"

"का डोळे कधी खराबच नव्हते. मी डरलो होतो. घर सोडाले डरलो, नागपूरले डरलो, नोकरीले डरलो, अन् थे भेव डोळ्यात उतरलं. भेकड माणसाचं मन असे खेळ करते. आजही पाय ना, दिपालीचं टेन्शन हाय डोक्यात तं पुन्हा निळं दिसलं."

दिपाली म्हणजे त्याची पोरगी. तिले हैदराबादची नोकरी लागली होती. जॉइन होते का नाई थे सोमवारपर्यंत कळवाचं होतं, अन् पोरगी म्हणून राह्यली होती का नाई जात, नागपुरातच पाहीन काई, आईची तब्येत बरी राहत नाई.

"यशोदाच्या तब्येतीले काई झालं नाई," हरिदास म्हणे. "थे डरून राह्यली. माह्यावर गेली. रविवारी तिले बसवून सांगणार हाय मी, का बाई, तुहा बाप सिंदीले उतरला होता, भेकड होता, तू उतरू नको. कोणालेच नाई सांगितलं आजपर्यंत. यशोदालेही नाई."

थो गेला. जाताना म्हणे, "संध्याकाळ मस्त दिसली बे. तशीच हाय."

शुक्रवारी मी दुकान उघडलंच नाई. बायकोले सांगितलं पोट दुखते. खाटेवर पडून सगळे विचार करून पाह्यले. एक तं हा का सांगाचंच नाई. त्याले आता कोणावर शंका नाई. बटन काढून वेणा नदीच्या पुलावरून फेकलं का झालं. मशीन अन् दोस्त, दोन्ही राहते. थो पोरीसमोर सोताले भेकड म्हणन, अन् पोरगी जाईन. यात कोणाचं काय बिघडते? असं म्या सोताले दहा वेळा म्हटलं. अकराव्या वेळी माह्या डोळ्यासमोर थो सिंदीच्या प्लॅटफॉर्मवर उतरताना दिसला, एकोणीस वर्षांचा, हातात कागदाची पिशवी, अन् आम्ही इकडं शेठच्या खोलीत दात टोकरत उभे.

शनिवारी मीच चक्कीवर गेलो. म्हटलं, "चल दुकानात. पाच मिनिट."

"गिऱ्हाइक हाय बे."

"चल म्हटलं ना."

मशीन लावली. तिसरी फेरी आणली. मंग मशीन भिंतीपासून सरकवली, फळी काढली, त्याचा हात धरून बटनावर ठेवला. "दाब."

त्यानं बटन तिकडं केलं. संध्याकाळची दुपार झाली. इकडं केलं. दुपारची संध्याकाळ झाली. पुन्हा तिकडं. पुन्हा इकडं. पाणी तसंच वाहून राह्यलं होतं.

"हे कोणं बसवलं?"

"मी."

"कधी?"

"तवाच."

"परवाही तूच?"

"हो."

"नऊ दिवस होते ना थे," थो म्हणे. म्हणजे त्यानं भी मोजले होते.

"नऊ."

"प्रफुलले माहीत होतं?"

"हो."

"अश्वजितले?"

"सगळ्याईले. शेठले भी. हरिदास, मी तुले सांगणार होतो बे, आईची शप्पथ. तू आलाच नाई मंग. मले त्या रंगाच्या परीक्षेचं काई माहीत नव्हतं. मार ना मले. दोन ठेवून दे, पण असा बसू नको."

त्यानं मारलं नाई. शिवी भी देल्ली नाई. बटनाले तेल लागलं होतं थे बोट त्यानं बंडीले पुसलं. पांढऱ्या बंडीवर काळा डाग पडला, थो त्याच्याकडं पाहत म्हणे, "गिऱ्हाइक थांबलं असन," अन् गेला.

रविवारचा दिवस कसा गेला मलेच माहीत. दुकानात बसून रस्त्याकडं पाहत होतो. वाटे, आता येईन, कॉलर धरन, चार लोकांत इज्जत काढन माही. मंग वाटे प्रफुल अन् अश्वजितले घेऊन येईन. कोणीच आलं नाई.

सोमवारी दुपारी दिपाली आली. हातात पेढ्यांचा डब्बा.

"काका, हो म्हणून कळवलं मी. पुढच्या सोमवारी जाते हैदराबादला."

"वा! बापानं काय सांगितलं मंग?"

तिनं डब्ब्याचं झाकण काढलं. मंग म्हणे, "सांगितलं एक जुनं. बाबा रेल्वेत लागणार होते, माहीत हाय तुम्हाला? घाबरून अर्ध्या रस्त्यातून परत आले म्हणे. सांगताना रडले काका. मी कधी त्याईले रडताना पाह्यलं नव्हतं."

"अजून काय सांगितलं?"

"एवढंच. म्हणे तू उतरू नको." तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. "काऊन, अजून काई होतं का?"

"नाई," म्या म्हटलं. पेढा तोंडात टाकला.

संध्याकाळी पाच किलो गहू डब्ब्यात घेतले अन् चक्कीवर गेलो. घरी कणीक भरून होती, पण रिकाम्या हातानं जाववलं नाई. दोन बाया बसल्या होत्या. त्या जाईपर्यंत उभा राह्यलो. हरिदासनं पट्टा थांबवला तसं चक्कीचा आवाज हळू हळू बसत गेला.

"माहं नाव काऊन नाई सांगितलं तिले?" म्या म्हटलं. "तू भेकड नव्हता बे. सांगाचं होतं ना सरळ, का गज्यानं केलं."

त्यानं कपड्यानं तराजू पुसला. "सिंदीले उतरलो थे पाय तं माहेच होते," थो म्हणे. "अन् थे पोरगी लहानपणापासून काका काका करते. तिले कायले सांगू? तिचे काका हाय तुम्ही."

मले आधी वाटलं का मी चुकीचं ऐकलं. चौथ्या वर्गापासून या माणसानं मले अबे, गज्या, साल्या याच्याशिवाय दुसरं काई म्हटलं नव्हतं.

"हरिदास," म्या म्हटलं, "शिवी दे ना बे. एक दे."

त्यानं माह्या हातातून डब्बा घेतला, झाकण काढून गव्हात हात घातला, दोन खडे होते थे वेचून बाहेर टाकले.

"बारीक पाहिजे का मध्यम, गजेंद्रभाऊ?"

"मध्यम."

"ठेवून जा. उद्या दुपारून न्या."

अन् त्यानं पट्टा चढवला. चक्कीच्या आवाजात मंग काई बोलता येत नाई. मी थोडा वेळ उभा होतो तिथंच. थो खाली मान घालून दुसऱ्या कोणाचं पीठ भरून राह्यला होता.